गाडी ओढत नव्हती: पिकअप गेल्यावर केलेला तीन आठवड्यांचा शोध

ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणून गाडी चौथ्यातून तिसऱ्यात टाकली, एक्सलेटर तळाला टेकवला आणि गाडी पुढे सरकलीच नाही. म्हणजे चालत होती, पण उचल नव्हती. इंजिनाचा आवाज वाढला, तोही दबलेला, तोंडावर जाड कांबळं धरून कुणी ओरडावं तसा. समोरून एक गाडी येताना दिसली. मी पाय उचलला आणि निमूट ट्रकच्या मागे आलो. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं. गाडीत जोर नसणं ही गैरसोय नाही, तो धोका आहे, हे मला त्या काही सेकंदांत कळलं.

गाडी पेट्रोलवरची, १.५ लिटरचं चार सिलेंडरचं इंजिन, टर्बो नाही, पाच गिअर. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेले. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता. सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, स्लोवर घड्याळासारखी चालायची. शांतपणे चालवणाऱ्याला काहीच जाणवलं नसतं. मलाही कितीतरी दिवस जाणवलं नव्हतं, कारण असा जोर एका दिवसात जात नाही. तो रोज थोडा थोडा कमी होतो आणि आपला पाय रोज थोडा थोडा जास्त दाबला जातो. आपण पायाला सवय लावून घेतो आणि गाडी बरी आहे असं समजतो.

दुखणं शोधायच्या आधी बहुतेक लोक जे करतात तेच मीही केलं. एअर फिल्टर बदलला, स्पार्क प्लग नवे टाकले, टाकीत इंजेक्टर साफ करायचं औषध ओतलं. फरक शून्य. मग एका गॅरेजमध्ये नेली. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, एकही कोड निघाला नाही. मिस्त्री म्हणाला, "साहेब, फ्युएल पंप कमजोर झालाय. बदलून टाकू." मी विचारलं, "प्रेशर बघितलंत का?" तर म्हणे, "बघायची गरज नाही, आमच्या लक्षात येतं. पंप बदलून बघू, नाहीतर मग इंजेक्टर आहेतच." माणूस वाईट नव्हता, रोज वीस गाड्या हाताखालून घालणारा होता. पण 'बदलून बघू' हा शब्द मला टोचला. मी आधीच तीन गोष्टी बदलून बघितल्या होत्या. गाडी घेऊन परत आलो आणि ठरवलं, आता मोजल्याशिवाय एक नटसुद्धा बदलायचा नाही.

सगळ्यात आधी तक्रार नेमकी करणं भाग होतं. 'पिकअप नाही' या दोन शब्दांत निदान चार-पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. एक्सलेटर दाबल्याबरोबर गाडी क्षणभर अडखळते आणि मग धावते, हे एक. खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) मरगळ आणि वर गेल्यावर तरतरी, हे दुसरं. खाली व्यवस्थित, पण ३००० च्या वर गेली की कुणीतरी मागून धरल्यासारखी, हे तिसरं. मध्येच झटके मारते, ते आणखी वेगळं. दुखणं कोणतं यावरून शोधायची दिशा बदलते. खाली ठीक आणि वर दम संपतो, याचा अर्थ बहुतेक वेळा इंजिनाला भरपूर लागतं तेव्हा भरपूर काहीतरी मिळत नाही किंवा भरपूर काहीतरी बाहेर पडत नाही. माझी गाडी याच जातीची होती. २००० आरपीएमपर्यंत जवळजवळ नेहमीसारखी, २८०० नंतर जड आणि ४००० च्या पुढे सरकायलाच तयार नाही.

दुसरं काम होतं ते या भावनेला आकडा द्यायचं. रविवारी पहाटे धाकट्या भावाला शेजारी बसवलं, हातात स्टॉपवॉच दिलं आणि रिकाम्या सपाट रस्त्यावर गेलो. तिसरा गिअर, एसी बंद, ताशी ४० ला स्थिर, मग एक्सलेटर पूर्ण आणि ८० ला भावाने बटण दाबायचं. जाताना एकदा, त्याच रस्त्याने येताना एकदा, म्हणजे चढ-उतार आणि वाऱ्याचा हिशेब आपोआप निघून जातो.

"दादा, सोळा पॉइंट दोन."

येताना १५.८. सरासरी १६ सेकंद. अशा वजनाच्या आणि इंजिनाच्या गाडीला याला नऊ-दहा सेकंद पुरेत असा माझा अंदाज होता. १६ हा आकडा वहीत लिहिला. पुढे काहीही केलं तरी ते कामाला आलं की नाही हे हाच आकडा सांगणार होता. हे एक काम मी आधी केलं असतं, तर प्लगचे आणि औषधाचे पैसे वाचले असते.

आता मुळाचा प्रश्न. जोर तयारच होत नाही, की तयार होऊन वाटेत जिरतो? हे आधी सोडवलं नाही तर माणूस इंजिन उघडून बसतो आणि बिघाड चाकात निघतो. क्लच घसरत असला तर आरपीएम सटकन वर जातात आणि वेग मागे राहतो. माझ्या गाडीत दोन्ही हातात हात घालून रडतखडत वर जात होते. एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं गुणोत्तर पक्कं असतं. चौथ्या गिअरला ६० च्या वेगाला जितके आरपीएम, ते पूर्ण एक्सलेटरलाही त्याच प्रमाणात वाढत होते. म्हणजे क्लच निर्दोष सुटला.

ब्रेक अडकलेत का ते बघायला वीस मिनिटं गाडी चालवून, शेवटी ब्रेक जवळजवळ न वापरता थांबलो आणि चारही चाकांजवळ हात नेला. पुढचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम. क्षणभर वाटलं, सापडलं! जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर थोडं घासत होतं. कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या होत्या. काढल्या, साफ केल्या, ब्रेकचं ग्रीस लावलं, चाक मोकळं फिरू लागलं. हवा चारही टायरमध्ये बरोबर होती. मोठ्या आशेने पुन्हा स्टॉपवॉच घेऊन गेलो. १५.६. म्हणजे सापडला तो बिघाड खरा होता, दुरुस्त करायलाच हवा होता, पण मी ज्याच्या मागे होतो तो हा नव्हता. स्टॉपवॉच नसतं तर मी त्या दिवशी 'आता बरी वाटतेय' असं स्वतःला पटवून मोकळा झालो असतो.

तेव्हा जोर इंजिनातच तयार होत नव्हता.

इंजिनाला जोर काढायला हवा लागते, पेट्रोल लागतं, वेळेवर ठिणगी लागते, दाबून धरणारं सिलेंडर लागतं आणि जळलेला धूर बाहेर जायला वाट लागते. यातलं काय कमी पडतंय हे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच बरंचसं सांगत असतो, फक्त ऐकायला हवं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला होता तो कोड वाचण्यापुरता. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं नसतं. कोड येतो तो आखून दिलेली मर्यादा ओलांडली गेली तरच. चालत्या इंजिनाचे जिवंत आकडे ही खरी गोष्ट. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचं एक अ‍ॅप, एवढ्यात ते सगळे आकडे दिसतात, नोंदवूनही ठेवता येतात. मी चार आकडे निवडले: आरपीएम, थ्रॉटल (एक्सलेटर दाबला की हवेसाठी उघडणारी झडप) किती उघडला, आत जाणारी हवा दर सेकंदाला किती ग्रॅम, आणि धुरात उरलेला ऑक्सिजन बघणाऱ्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज (पेट्रोल जास्त असेल तर ते वर जातं, कमी पडलं तर खाली). त्याशिवाय फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरला ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, तो आकडा.

पुन्हा तोच रस्ता, तिसरा गिअर, पूर्ण एक्सलेटर. घरी येऊन नोंदी उघडल्या. ४००० आरपीएमला थ्रॉटल ८२ टक्के, हवा सेकंदाला ३१ ग्रॅम, ऑक्सिजन सेन्सर ०.८८ व्होल्ट. नेहमीच्या चालीत फ्युएल ट्रिम अधिक २ ते ३ टक्के.

८२ टक्क्यांनी आधी दचकलो, मग लक्षात आलं की अनेक गाड्यांमध्ये पूर्ण उघडलेला थ्रॉटलही स्कॅनरवर १०० दाखवत नाही. इंजिन बंद करून, फक्त चावी फिरवून एक्सलेटर दाबला, तेव्हाही जवळपास तेवढाच. ते ठीक होतं.

खरी गोष्ट त्या ३१ मध्ये होती. हा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो, म्हणून सविस्तर लिहितो. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपली पूर्ण क्षमता आत ओढतं. १.५ लिटर म्हणजे एका फेरीला ०.७५ लिटर. ४००० फेऱ्यांना मिनिटाला ३००० लिटर, सेकंदाला ५० लिटर. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते, म्हणजे सिलेंडर काठोकाठ भरले तर सेकंदाला ६० ग्रॅम. टर्बो नसलेलं धडधाकट इंजिन पूर्ण एक्सलेटरला यातला ८० ते ९० टक्के वाटा तरी आत घेतं, म्हणजे ५० च्या आसपास. माझं घेत होतं ३१. निम्म्याहून थोडं जास्त. वहीत भागाकार केला तेव्हा पेन्सिल तिथेच थांबली. मी १.५ लिटरचं इंजिन चालवतच नव्हतो, जेमतेम एक लिटरचं चालवत होतो.

पण थांबा, हवा मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल तर? तो मळला की हवा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, हे नेहमीचं दुखणं आहे. इथे बाकीचे आकडे साक्षीला आले. सेन्सर कमी दाखवत असता तर कॉम्प्युटरने पेट्रोलही कमी सोडलं असतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण कोरडं, म्हणजे कमी पेट्रोलचं पडलं असतं, ते भरून काढायला नेहमीच्या चालीत फ्युएल ट्रिम अधिक १०, १५ असे चढले असते. ते २-३ वर शांत होते. पूर्ण एक्सलेटरला कॉम्प्युटर ट्रिमकडे बघत नाही, तो मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल सोडतो. त्या वेळी साध्या ऑक्सिजन सेन्सरने ०.८५ ते ०.९ व्होल्टच्या आसपास टिकून राहायला हवं. माझा ०.८८ वर टिकून होता. म्हणजे ३१ ग्रॅम हवा खरोखर ३१ ग्रॅमच होती आणि तिला पुरेल एवढं पेट्रोल मिळत होतं.

आणि याच आकड्याने फ्युएल पंपही निर्दोष सुटला. पंप कमजोर असता तर सगळ्यात जास्त मागणी असते त्या क्षणी पेट्रोल कमी पडलं असतं आणि व्होल्टेज ०.२, ०.१ कडे घसरलं असतं. पंप टाकीत असतो, तो काढायला मागची सीट उचलावी लागते, नवा घ्यायचा तर खिशाला चांगलीच झळ. त्यातलं काहीही न करता, गाडीच्या खाली न जाता, पंप सोडून द्यायचं ठरलं. हा आकडा बघताना मला जो आनंद झाला तो खरं तर गाडी दुरुस्त झाल्यावर झाला त्याहून थोडा जास्तच असेल.

आता प्रश्न एवढाच उरला: हवा आत का जात नाही? आत येणारी वाट अडली आहे, की बाहेर जाणारी? सिलेंडरमधला जुना धूर बाहेर पडला नाही तर नव्या हवेला जागाच राहत नाही. ताट भरलेलं असताना वाढणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी काय उपयोग. दोन्हीचा परिणाम बाहेरून सारखाच दिसतो.

हे वेगळं करायला एक जुनं, साधं हत्यार आहे, व्हॅक्यूम गेज, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी आहे ते दाखवणारं मीटर. थ्रॉटलच्या पलीकडे, हवा सिलेंडरांकडे नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर एक बारीक नळी असते, तिला हे जोडायचं. स्कॅनरच्या काळात हे कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण त्या एका काट्यात इंजिनाची नाडी कळते. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचा काटा स्लोवर पाऱ्याच्या १८ ते २० इंचांवर स्थिर असतो, उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. माझा १८.५ वर अगदी स्थिर. मग रेस २५०० वर धरून ठेवली. काटा आधी २० वर गेला. मी बघत राहिलो. दहा सेकंद, वीस सेकंद... काटा हळूहळू, डोळ्याला जेमतेम जाणवेल असा, खाली उतरू लागला. १९, १८, १६. पाय तसाच, आरपीएम तेच, आणि काटा १४ पर्यंत आला. रेस सोडल्यावर तो झटकन परत यायला हवा होता, तर रेंगाळत आला. मी गाडी बंद करून पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

हे लक्षण धूर तुंबल्याचं. पण लक्षणावर विसंबून एकदा ब्रेकच्या बाबतीत फसलो होतो, म्हणून अजून एक चाचणी केली. गेजला लांब नळी जोडून ती बॉनेटच्या फटीतून आत घेतली आणि भावाच्या हातात गेज दिलं. रस्त्यावर पूर्ण एक्सलेटर. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम जवळजवळ शून्य व्हायला हवं, कारण मग बाहेरची हवा आणि आतली हवा यांत आडकाठी उरत नाही. फिल्टर, पाइप किंवा थ्रॉटलपर्यंत कुठेही अडथळा असेल तर काटा तीन-चार इंचांवर अडून राहतो.

"काटा कुठे आहे?"

"शून्यावर, दादा. हलतच नाही."

म्हणजे हवा दारात उभी होती, भरपूर होती, पण सिलेंडर तिला आत घेत नव्हतं. येणारी वाट साफ. मी महिनाभरापूर्वी एअर फिल्टर का बदलला होता याला आता काही उत्तर नव्हतं.

मध्ये एक शंका राहिली होती ती व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळेची. टायमिंगची साखळी दात चुकली तरी सिलेंडर नीट श्वास घेत नाही. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर हवा किती दाबतं ते, बघितलं: १२.५, १२.८, १२.४, १२.७ बार. चारही सारखे आणि चांगले. स्लोवरचं व्हॅक्यूमही उत्तम होतं. साखळी चुकली असती तर हे दोन्ही आकडे पडले असते. तिथून मी बाहेर पडलो.

आता बॅकप्रेशर, म्हणजे तुंबलेल्या धुराचा उलटा दाब, प्रत्यक्ष मोजायचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा; त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचं गेज लावतात. ऐकायला सोपं, पण एक लाख किलोमीटर तापलेला सेन्सर सुखासुखी निघत नाही. रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी इंजिन थोडं चालवून कोमट केलं, जाड हातमोजे घातले आणि वायर जायला खाच असलेला २२ चा सॉकेट लावला. पहिल्यांदा हललाच नाही. पान्याच्या दांड्याला पाइप लावून, झटका न देता, सावकाश वजन टाकत गेलो. एक बारीक 'कुईं' असा आवाज आला आणि तो सुटला. आटे शाबूत होते. झटका दिला असता तर आटे घेऊनच बाहेर आला असता, आणि मग पुढचं सगळं गणित बदललं असतं.

भोकाचे आटे एम १८, पिच १.५. त्या मापाचा अडॅप्टर, त्याला हातभर तांब्याची नळी, तिच्यापुढे रबरी नळी आणि शेवटी ० ते १० पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं माप) गेज. तांब्याची नळी मध्ये हवीच, नाहीतर रबर वितळतं. आणि हे काम उघड्यावरच करायचं. भोकाच्या फटीतून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो वासाने कळत नाही.

स्लोवर १.१ पीएसआय. हे चालण्यासारखं आहे. १५०० ला २.३. २५०० ला गेज ५.२ वर गेलं. चांगल्या गाडीत तिथे ३ च्या आत, बऱ्याचदा १ च्या आसपास असायला हवं. आणि हे उभ्या गाडीत, काही ओझं नसताना. रस्त्यावर पूर्ण एक्सलेटरला याच्या तिपटीने-चौपटीने धूर निघतो, तेव्हा तिथे काय होत असेल? स्लोवर गाडी इतकी शहाण्यासारखी का वागायची तेही उमगलं. तेव्हा धूरच इतका थोडा असतो की अरुंद वाटेतूनही तो आरामात जातो.

पण अडथळा कुठे? कन्व्हर्टरमध्ये, की पुढे सायलेन्सरमध्ये? कन्व्हर्टरनंतर दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. पहिला परत बसवला, दुसरा काढला, त्या भोकात गेज लावलं. २५०० आरपीएमला ०.४. कन्व्हर्टरच्या आधी ५.२ आणि नंतर ०.४. आता शंकेला जागाच उरली नाही. तीन आठवडे शोधत होतो ते या दोन भोकांच्या मधल्या, हाताच्या कोपराएवढ्या अंतरात होतं.

कन्व्हर्टर काढला तेव्हा टॉर्च मारून तोंडातून आत बघितलं. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, एका चौरस इंचात सर्वसाधारणपणे ४०० भोकं, आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा अतिशय पातळ थर. त्या भोकांतून जाताना विषारी धुराचं बरंच विष उतरतं. माझ्या जाळीचा एक कोपरा अजून नेटका, राखाडी, भोकं मोजता येतील असा होता. बाकी निम्म्याहून जास्त भाग लाख वितळून थिजावी तसा चकचकीत, सुजलेला, भोकं बुजलेला. बोट लावलं तर गुळगुळीत लागला. ही जाळी वितळायला १४०० अंशांच्या पुढे जावं लागतं. रोजच्या चालण्यात ती त्याच्या जवळपासही जात नाही. मग ती इतकी तापली कशाने?

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते कबूल करताना आजही जड जातं. सात महिन्यांपूर्वी तिसऱ्या सिलेंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, गेली होती. गाडी मिसिंग मारत होती (यालाच मिसफायर म्हणतात, सिलेंडरमधलं पेट्रोल पेटतच नाही), चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. कामाची गडबड होती, गाडी चालत होती, मी तशीच दोन आठवडे चालवली. मग कॉइल बदलली, दिवा गेला, मी विसरलो. त्या दोन आठवड्यांत तिसऱ्या सिलेंडरमधलं न जळलेलं पेट्रोल हवेसकट सरळ कन्व्हर्टरमध्ये जात होतं आणि तिथे जळत होतं. हा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी लवकर दाखवून घ्या असा त्याचा अर्थ. पण लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर जळण्याइतकं मिसफायर याच क्षणी चालू आहे, पाय हलका करा, गाडी बाजूला घ्या, असं तो सांगत असतो. गाडीच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. ते पान मी नंतर वाचलं.

मग कन्व्हर्टरचा कोड का आला नाही, हे मला बरेच दिवस खटकत होतं. कॉम्प्युटर पी ०४२० हा कोड देतो तो कन्व्हर्टर धूर साफ करतोय की नाही हे मागच्या सेन्सरवरून ताडून. धूर किती अडतोय हे तो मोजतच नाही. माझ्या कन्व्हर्टरचा जो कोपरा शाबूत होता, त्यातून जो काही धूर जायचा तो साफ होऊनच जायचा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळं उत्तम.

सल्ला देणाऱ्यांनी सांगितलं, आतली जाळी फोडून काढा, नुसता पोकळ डबा परत लावा, नव्याचे पैसे वाचतील, गाडी पळेल. गाडी पळाली असती, हे खरं. पण तो सगळा कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं आपल्या मागच्या दुचाकीवाल्याच्या आणि फुटपाथवरच्या पोराच्या छातीत जाणार. धुराचे नियम जिथे आहेत तिथे हे बहुतेक ठिकाणी बेकायदाही आहे. मी त्यावर दुसऱ्यांदा विचार केला नाही.

मात्र नवा कन्व्हर्टर लावायची घाई केली नाही. जुन्याला ज्याने मारलं तो जिवंत असेल तर नव्यालाही मारणार. जुनाच परत चढवला आणि चार दिवस हळू चालवत मिसफायर मोजणारा आकडा सिलेंडरवार नोंदवला. चारही शून्य. कॉइलच्या जोडण्या उघडून बघितल्या, तिसऱ्याच्या प्लगचं टोक इतर तिघांशी ताडून पाहिलं, रंग सारखाच फिकट तपकिरी. तेल जळत असेल तर त्यानेही कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून डिपस्टिकवर खूण करून पातळी बघत राहिलो. हलली नाही. तेव्हाच नवा मागवला. दोन्ही गॅस्केट नवी टाकली, सेन्सरच्या फक्त आट्यांना, ते अडकू न देणारी पेस्ट लावली, टोकाला अजिबात लागू दिली नाही, कारण त्याने सेन्सर खराब होतो.

पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर गेज लावलं. २५०० ला ०.९.

मग रविवार, तोच रस्ता, तोच भाऊ, तेच स्टॉपवॉच. तिसऱ्या गिअरला एक्सलेटर दाबला आणि सीटने पाठीला हलकंसं ढकललं. हे ढकलणं मी विसरलो होतो. आवाजही मोकळा, स्वच्छ, कांबळं काढल्यासारखा.

"नऊ पॉइंट तीन!" येताना ९.१.

रस्त्याच्या कडेला थांबून मोबाइलवरच्या नोंदी उघडल्या. ४००० आरपीएमला हवा सेकंदाला ५१ ग्रॅम. कागदावरच्या हिशेबात पन्नासच्या आसपास आलं होतं. भावाने माझ्या वहीतलं ते पान उघडलं, ३१ च्या शेजारी ५१ लिहिलं आणि तारीख टाकली.

अडॅप्टर अजून पोर्टमध्येच असतो. रविवारी सकाळी गाडी धुवायच्या आधी तिसऱ्या सिलेंडरचा मिसफायरचा आकडा बघतो. आजवर शून्य आहे.